मागं तोंड केलेलं बाकडं

"वच्छीऽऽ... वच्छी वोऽऽ!"

साक्री रोडवरची चिंच आली की ही हाक यायचीच. हाक मारणारी आई, द्रौपदाबाई, जाऊन अठ्ठावीस वर्षं होत आली होती, पण आवाज काही म्हातारा झाला नव्हता. दम लागलेला, मध्येच तुटलेला, अनवाणी पायांखालच्या फुफाट्यासकट ऐकू येणारा आवाज. वच्छलाक्कांनी डोळे मिटले, पदरातलं लिंबू नाकाशी धरलं आणि बाकड्याची कड मुठीत आवळली. गाडी पुढे गेली तसे त्यांनी डोळे उघडले. मागच्या काचेत चिंच आधी मोठी दिसली, मग लहान, मग धुळीत नुसतं एक हिरवं बोट.

माहेर आलं होतं. अक्कांना मात्र ते दिसलं नव्हतं. या बाकड्यावर बसलं की माहेर येताना कधी दिसायचंच नाही. फैजपूरच्या केळीबागा दिसायच्या, त्या मागे सुटताना. जळगाव, एरंडोल, पारोळा, सगळी गावं दिसायची ती निरोप घेतानाच. आणि माहेर यायचं ते पाठीमागून, गचकन ब्रेक लागून.

"उतर अक्का! आली मुराळीण!" अभिमननं बाहेरून फाळका पाडला आणि हात पुढे केला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणीला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. पण या घरात भावापेक्षा गाडीचाच मान मोठा. भाऊ बदलायचे, कधी बन्सीलाल जायचा, कधी अभिमन; गाडी तीच. म्हणून तिचं नाव पडलं मुराळीण. एकदा बांधकाम खात्याचा कोणी साहेब डाकबंगल्यावर तिला पाहून म्हणाला होता, "अरे, ही तर स्टेशन वॅगन!" तेव्हा अक्कांच्या वडिलांनी, पितांबर आबांनी, त्याला जागच्या जागी सांगितलं होतं, "टेसनवर नही जाये ती साहेब. ती माहेरले येस."

अक्का खाली उतरल्या आणि क्षणभर गाडीला धरून उभ्या राहिल्या. जमीन अजून मागे मागे सरकत होती.

"सगळा रस्ता गप्प बसलीस," अभिमन हळूच म्हणाला. "मी एवढं बोललो, हो नाही की नाही नाही."

"मान मोडून बोलू? तू तिकडं तोंड करून, मी इकडं."

"तेच तर सांगतोय ना मी! नव्या गाडीत सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. बन्सीदादा ऐकत नाही. आबांपुढं तर बोलायचीच सोय नाही. तू एक शब्द टाकलास की झालं. बाकडं तुझं आहे. तू सोड म्हणालीस तर सुटलं."

अक्कांनी लिंबू परत पदरात खोचलं. "आधी आईची घागर पुजू दे बाई. मग तुमची भांडणं."

घराशेजारी आबांच्या कारखान्याच्या पत्र्याच्या छपराखाली नवी गाडी उभी होती. गाडी म्हणजे नुसता सांगाडा. लांब पल्ल्याची नवी चासी, तिच्यावर लोखंडी अँगलच्या बरगड्या, टपाच्या जागी आडव्या दांड्या, आणि तळाला अजून पत्रा नाही. या बरगड्यांतून पलीकडचा निंब आणि निंबाला बांधलेला झोका दिसत होता. तळाचा पत्रा बसायच्या आत बाकांच्या पायांची भोकं ठरवावी लागतात. एकदा पत्रा जोडला की पुढची पंधरा वर्षं घरातल्या लेकींनी कुठं तोंड करून जायचं ते ठरलं. आणि ते आज, आखाजीच्या दिवशी, सगळे जमलेले असताना ठरायचं होतं.

आबा मूळचे बैलगाड्या करणारे. त्यांच्या हातची दमणी पिंपळनेरपासून पहूरपर्यंत ओळखू यायची. वच्छलाचं लग्न ठरलं त्या साली त्यांनी लिलावातली लष्कराची मोडकी जीप उचलली आणि तिच्यावर सागवानाची पेटी चढवली. दमणीच करायची सवय, म्हणून ती जीपही दमणीसारखीच झाली. दोन्ही बाजूंना कॅनव्हासचे पडदे, आणि मागं, धूळ येऊ नये म्हणून, गच्च फळ्या. त्याच गाडीतून सतरा वर्षांची वच्छला आखाजी करून फैजपूरला गेली. द्रौपदाबाई गाडीमागं चिंचेपर्यंत धावत गेली, हाका मारत. पोरीनं मान वळवली नाही. त्याच श्रावणात द्रौपदाबाई तापानं गेली.

बायका बोलायच्या. दगडाची पोर म्हणायच्या. आई ऊर फुटेस्तोवर धावली, हिला वळून पाहवलं नाही. एकदा गर्दीत बसलेल्या आबांनी ते ऐकलं आणि ते उठून उभे राहिले होते. "मनी आंडेरनी चूक नही," ते म्हणाले होते. "गाडीले मांगे डोया नव्हता. तो मी ठेवा नही. चूक मनी शे."

पुढच्या आखाजीला गाडी आली ती नवी होऊन. मागच्या फळ्या काढून तिथं भली मोठी काच, आणि काचेला लागून, मागं तोंड केलेलं सागवानी बाकडं. पाठीला गादी, हाताला टेकण, कडेला कोरलेली वेल. आबांनी लेकीला हाताला धरून तिथं बसवलं. "आते तुले मांगे देखता येई," एवढंच म्हणाले.

मग तिसऱ्या खेपेला लाकूड गेलं, पत्रा आला. पेट्रोलचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं. बहिणींना पोरं झाली म्हणून बाजूंनी लांब बाकं आली, बोचकी वाढली म्हणून टपावर कॅरिअर आलं. सगळं बदललं. मागचं बाकडं मात्र जसंच्या तसं उचलून नव्या अंगात बसवलं गेलं, देव नव्या देव्हाऱ्यात बसवावा तसं.

आणि अक्का त्याच्यावर बसत राहिल्या.

*

चुलीवर खापर तापलं होतं आणि बन्सीलालची बायको मंदाबाई हातावर पुरणाचा मांडा फिरवत होती. मांडा फिरवताना ती कोणाकडे बघत नसे, पण बोलणं थांबत नसे. "अक्का, तुम्ही आज अभिमनभाऊंच्या नादी लागू नका. आतापासून सांगून ठेवते. ते जळगावात सुट्या भागांचं दुकान मांडून बसले, त्यांना काय, गाडी म्हणजे विकायची वस्तू. फैजपूरच्या केळीवाल्यांना दाखवायचा नमुना हवाय त्यांना. आपल्या घराची रीत मोडून नमुना?"

"रीत कसली गं?"

"ही काय विचारायची गोष्ट झाली? ह्या घरची लेक मागच्या बाकड्यावर बसून, पदरात लिंबू घेऊन निघते. साऱ्या भाऊबंदकीत कोणाकडं नाही अशी रीत." कोनाड्याकडं तिनं हनुवटीनं खूण केली. तिथं पिवळंधमक एक लिंबू हळदकुंकू लावून ठेवलेलं होतं. "भागीसाठी काढून ठेवलंय. उद्या जायचंय ना पिंपळनेरला."

अक्कांनी त्या लिंबाकडे पाहिलं. हळदकुंकू लावलेलं लिंबू. त्यांनी पदरातलं आपलं लिंबू आणखी आत सारलं.

मंदाबाईची लेक भागी कोपऱ्यात आंबे पिळत बसली होती. भागाबाई हे पणजीचं नाव. कॉलेजात तिनं ते भाग्यश्री करून घेतलं होतं, पण घरात भागी ती भागीच. लग्नाला दीड महिना झालेला. हातावरची मेंदी गेली होती, हिरवा चुडा तेवढा राहिला होता. माहेरी आलेली पोर झोक्यावर असायची, तर ही सकाळपासून आंब्याच्या पाटीपाशी.

बाहेर निंबाखाली शेजारच्या पोरी गात होत्या:

झोका गया मव्हरे बाई, मांगे वना फिरी,
सासरनी वाट मनी, माहेरनी दोरी...

मंदाबाई पुरणाचं पातेलं आणायला ओसरीवर गेली तशी भागी आत्याला हळूच म्हणाली, "फुई, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"तुला आवडतं का गं त्या बाकड्यावर बसायला?"

"आबांनी माझ्यासाठी केलं ते."

"ते नाही विचारलं मी."

अक्कांनी कोयीला चिकटलेला गर बोटानं ओढला. पोरगी बन्सीची असली तरी जीभ आजीची होती.

भागीनं दाराकडं एकदा बघून घेतलं. "लग्नाच्या दिवशी साक्रीच्या पुढं मला उलटी झाली. शालूवर. मागून धूळ येते, धूर येतो, पोट सगळं उलटं फिरतं. पिंपळनेरला उतरले ती ओकतच उतरले. आता तिथं नणंद येताजाता बोलते. 'वहिनी घाईच्या आहेत, वरातीतच ओकाऱ्या.' सासूबाई बोलत नाहीत, पण बोटं मोजताना मी पाहिलंय त्यांना. अजून मोजताहेत."

"आईला सांगितलंस?"

"आईला काय सांगू? ती म्हणेल, लिंबू नीट धरलं नसशील, दृष्ट लागली." भागीच्या डोळ्यात पाणी नव्हतं, राग होता. "उद्या पुन्हा तशीच जाऊन उतरले ना फुई, तर मग बोटं मोजायचीही गरज नाही राहायची कोणाला. आणि तू तर अठ्ठावीस वर्षं बसतेयस. तुला काहीच होत नाही. मग मीच नाटकी."

अक्कांचे हात थांबले. रस कोपरापर्यंत ओघळत गेला तरी त्यांनी पुसला नाही.

*

घागर पुजून झाली. नव्या मातीची घागर, तिच्यावर डांगराचं फळ, डांगरावर गोड सांजोरी. बन्सीलालनं चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकून आगारी दिली आणि द्रौपदाबाईचं नाव घेतलं. तूप तडतडलं, धूर सरळ वर गेला. आबांनी हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. बाजेवर बसलेले आबा घागरीवरून पलीकडं, सांगाड्याकडं बघत होते.

जेवणं झाली आणि सगळे आपसूकच छपराखाली जमले. उन्हानं पत्रा तापून कडकड वाजत होता. अभिमननं ठोकळ्यावर चढून बोलायला सुरुवात केली. पहिली ओळ चालकाची, मधे तिघांची, मागं पुन्हा तिघांची, सगळी पुढं तोंड करून. मागचं दार वर उचलायचं, त्याला दोन बाजूंना दांड्या. मागच्या ओळीमागं बोचक्यांना जागा.

"आणि बाकडं?" बन्सीलालनं विचारलं.

"बाकडं घरात ओसरीवर ठेवू. शोभेल."

"शोभेल!" बन्सीलाल घराकडं तोंड करून ओरडला, "ऐकलं का गं? आबांच्या हातची वस्तू, शोभेला! उद्या आबांनाही ओसरीवर ठेवशील!"

"दादा, तू काहीही काय बोलतोस? जगात मागं तोंड करून कोण बसवतं माणसाला?"

"जगात नसेल. आपल्या घरात बसतात. अक्का, तू सांग याला."

"हो, अक्का, तूच सांग," अभिमनही म्हणाला.

दोन्ही भाऊ अक्कांकडं वळले. दोघांच्याही चेहऱ्यावर खात्री होती. बन्सीलालला वाटत होतं, अक्का आपल्या बाकड्यासाठी पदर खोचेल. अभिमनला वाटत होतं, आज रस्ताभर लावलेली भुणभुण कामी येईल. मंदाबाई हात पुसत येऊन उभी राहिली. भागी दाराच्या चौकटीला टेकली.

अक्का बोलायच्या आत आबा उठले.

म्हाताऱ्या माणसाला चालताना आधार द्यायला कोणी पुढं झालं तर ते खेकसत, म्हणून कोणी हललं नाही. ते सांगाड्यापाशी गेले. अँगलांवर तात्पुरत्या टाकलेल्या फळ्यांवर चढले. कानावरचा खडू काढला आणि वाकून, गुडघ्याला हात देत, मागच्या टोकाला एक आडवी रेघ मारली. मग तिला दोन उभ्या. बाकड्याचा आराखडा. रेघ सरळ गेली.

"आठे," ते म्हणाले. "आठे बसी मनी आंडेर. आठेच भागी बसी. मी जिता शे तवलगून गाडीना मांगना डोया कोनी फोडू नका."

अभिमननं मान खाली घातली. बन्सीलालनं छाती पुढं काढली. भांडण संपलं होतं. आबांनी शब्द टाकल्यावर या घरात भांडण संपतच असे.

आणि वच्छलाक्का फळ्यांवर चढल्या.

पंचेचाळीस वर्षांची बाई, लुगड्याचा काष्टा वर खोचून, हातानं बरगडी धरून वर आली तेव्हा बन्सीलाल हसत म्हणाला, "बघा, मापाला बसून बघतेय अक्का!"

अक्का बसल्या नाहीत. त्या खडूच्या रेघेवर उभ्या राहिल्या आणि पायाच्या तळव्यानं ती पुसू लागल्या. आधी आडवी. मग एक उभी. मग दुसरी. तळवा पांढरा झाला.

"अक्का!" बन्सीलाल ओरडला.

"ओरडू नको. मी बहिरी नाही. पाठ करून बसत होते, कान देऊन ठेवले नव्हते कोणाला."

"आबांनी आखलंय ते!"

"आबांनी आखलं म्हणून मीच पुसतेय. तुझ्या हाताची रेघ असती तर नुसती थुंकले असते."

आबा तिच्याकडं बघत होते. खडू अजून बोटांत होता.

"भागी या बाकड्यावर बसणार नाही," अक्का म्हणाल्या. "उद्या जुन्या गाडीतही नाही. उद्या ती पुढं बसेल. अभिमनच्या शेजारी, काचेसमोर."

आता अभिमन चपापला. "अक्का, बाकडं काढायचं ते ठीक. पण पुढं... पुढं मुराळी बसतो. माणूस बसतो. लेक पुढं बसून गावात शिरली तर पिंपळनेरचे काय म्हणतील?"

"जे म्हणायचंय ते म्हणून झालंय त्यांचं. आता राहिलंय ते आपण म्हणायचंय."

"म्हणजे?"

अक्कांनी भागीकडं पाहिलं. भागीनं मान हलवली, नको अशी. मग थांबली आणि पुन्हा हलवली; या खेपेला हो अशी.

"तुमची लेक लग्नाच्या दिवशी ओकत उतरली," अक्का म्हणाल्या. "बाकड्यावरून. सासू तिथं बोटं मोजतेय आणि तुम्ही इथं कोरलेली वेल मोजताय."

मंदाबाईच्या हातातलं फडकं खाली पडलं. "भागे? खरं?"

"खरं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तू लिंबू दिलं असतंस, आई. अजून एक."

"लिंबानं दृष्ट..." मंदाबाईचं वाक्य अर्ध्यात अडखळलं, कारण अक्का मोठ्यानं हसल्या होत्या. अशा हसल्या की निंबाखालच्या पोरींचं गाणं थांबलं.

"मंदे, अगं कसली दृष्ट! ओकारी येऊ नये म्हणून मी लिंबू हुंगायचे! बाकड्यावरच्या पहिल्याच आखाजीला एरंडोलच्या अलीकडं मी तीनदा ओकले होते. तेव्हापासून पदरात लिंबू. तुम्ही त्याला हळदकुंकू लावलंत. रीत केलीत. पहूरला दिलेल्या धाकट्या बहिणीच्या पदरात टाकलंत, आता हिच्या. मी बघत राहिले. म्हटलं, जाऊ दे, लिंबूच आहे."

मंदाबाईनं वाकून फडकं उचललं, झटकलं आणि सरळ नवऱ्याला म्हणाली, "भागी पुढं बसेल."

"अगं तू तरी..."

"भागी पुढं बसेल म्हणते ना मी! आणि मी मागं बसेन, पोहोचवायला. त्या सासूला मला एकदा बघायचंय. तिची बोटं तीच मोजते की मी मोजून देऊ."

बन्सीलालला कळेना, कुठल्या बाजूला उभं राहावं. सकाळपासून ज्या बायकोच्या जोरावर तो भांडत होता तीच पलीकडं गेली होती. तो शेवटच्या फळीला धरून म्हणाला, "पण अक्का, ही रीत होती घराची."

"मी बसले म्हणून रीत झाली, बन्सी. मी उठले म्हणून मोडेल. त्यात काय!"

वरचा पत्रा तडतडला. मग आबा बोलले. आवाज इतका लहान होता की जवळ उभ्या असलेल्या अक्कांनाच तो नीट पोचला.

"तुले त्रास व्हये... आनि तू माले सांगं नही?"

"कसं सांगू आबा? तुम्ही मला त्याच्यावर हाताला धरून बसवलंत."

"मी तुनासाठे करं ते."

"माहीत आहे. म्हणून तर बसले. दर आखाजीला माहेराकडं पाठ करून आले. अठ्ठावीस वर्षांत मी एकदाही चिंच पुढून पाहिली नाही. घर येतंय, घर येतंय, असं बाकीच्यांना दिसतं ना, तसं मला कधी दिसलंच नाही. मला सगळं गेलेलंच दिसतं आबा. आणि मागं बघून कोण दिसणार? आई नाही तिथं. रिकामा रस्ता दिसतो. तेवढा रस्ता बघायला तुम्ही मला काच करून दिलीत."

आबांनी बरगडीला हात टेकला. त्या हाताच्या शिरा वेलीसारख्या वर आल्या होत्या. अक्कांना वाटलं, थांबावं. इथवर पुरे. आजवर दर खेपेला त्या इथंच थांबल्या होत्या, ओठापर्यंत आलेलं लिंबाच्या वासाबरोबर गिळून.

पण आबांनीच विचारलं. जे कोणी कधी त्यांच्यासमोर विचारलं नव्हतं, बायका पाठीमागं बोलायच्या पण तोंडावर नाही, ते त्यांनी स्वतः विचारलं.

"वच्छी, त्या रोज... तुले दिसनंच नही ना? गाडीले मांगे डोया नव्हता, म्हनीसन तू मांगे देखं नही. हाईच ना?"

त्यांच्या स्वरात प्रश्न कमी होता, विनवणी जास्त. गाडी आंधळी होती हे त्यांना हवं होतं. गाडीचा दोष अंगावर घेऊन त्यांनी पोरीला वाचवलं होतं. त्या दोषावर त्यांनी तीन गाड्या उभ्या केल्या होत्या. अक्कांनी खाली पाहिलं. तळव्याखाली खडूचा पांढरा डाग होता. दाराच्या चौकटीत भागी उभी होती.

अक्कांनी आबांच्या बोटांतून खडू काढून घेतला आणि स्वतःच्या मुठीत धरला. त्या बोलल्या तेव्हा फैजपूरची, शहरातली सगळी भाषा गळून पडली होती आणि सतराव्या वर्षातली बोली परत आली होती.

"गाडीनी चूक नव्हती आबा. बाजूना पडदा वर गुंडायेल व्हता. मान बाहेर काढती ते माय दिसती. माले दिसनंच असतं. मी देखं नही."

"काब्र वो?" का, एवढंच विचारायला आबांचे ओठ हलले.

"मायनीच सांगं व्हतं. गाडीमां बसाना आगोदर मनं तोंड तिनी दोन्ही हातमां धरं आनि कानमां बोलनी, 'वच्छी, मी हाका मारसू. मना जीव ऐकाव नही, मी गाडीनामांगे धावसू, तुनं नाव लिसू. तरी बी तू मांगे देखू नको. तू मांगे देखं ते मी तुले जाऊच देवाव नही. मव्हरे देख, माय. तू मव्हरे देख.'"